वजन येत नाहीये, साहेब

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगाराने भरलेला ट्रक स्टील मिलच्या फाटकातून आत आला, की आधी वजनकाट्यावर चढतो. भरल्या गाडीचं वजन होतं, मग माल उतरवून रिकाम्या गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे पैसे. काट्याच्या खोलीत इंडिकेटरवर लाल आकडे उमटतात आणि तेच आकडे शे-दीडशे मीटरवरच्या ऑफिसात संगणकाच्या पडद्यावर आपोआप येतात. मधे कुणी हाताने आकडा टाकत नाही, आणि टाकू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप असतो. ‘काटा मारणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगाच आलेला नाही.

इंडिकेटरपासून ऑफिसपर्यंत आकडा नेण्याचं काम तळहाताएवढी एक डबी करते. कुणी तिला कन्व्हर्टर म्हणतं, कुणी सिरियल सर्व्हर, बहुतेक जण नुसतं ‘तो बॉक्स’. तिचं जुनं नाव टर्मिनल सर्व्हर. एका बाजूला जुन्या पद्धतीची सिरियल केबल, दुसऱ्या बाजूला नेटवर्कची केबल, आणि मधे एक छोटा संगणक. त्याला ना पडदा, ना कळफलक; दोन-तीन दिवे तेवढे. अशा डब्या साखर कारखान्याच्या ऊसकाट्यावर असतात, जिनिंगमध्ये असतात, वीज उपकेंद्रातल्या मीटरांमागे असतात, हजेरीच्या यंत्रामागेही असतात. चालू असतात तेव्हा त्यांची आठवण कुणालाच नसते.

आणि मग एक दिवस फोन येतो, “वजन येत नाहीये, साहेब.” काट्यावर गाडी उभी, मागे आणखी आठ-दहा. पलीकडून ठरलेलं उत्तर मिळतं, “बॉक्स बंद करून चालू कर.” तो तसं करतो, वजन येतं, रांग सरकते. चार दिवसांनी पुन्हा तेच. महिनाभरात काटेवाल्याचा हात आपोआप त्या स्विचकडे जाऊ लागतो आणि बिघाड हा कामाचाच एक भाग होऊन बसतो.

हे प्रकरण त्या चार दिवसांबद्दल आहे. बंद-चालू केल्याने गाडी सुटते, त्यामुळे काटेवाल्याला दोष देता येत नाही. पण त्याच वेळी डबीच्या स्मृतीत असलेलं सगळं पुसलं जातं. ती कशाने अडकली, कोणता पोर्ट कुणाच्या ताब्यात होता, शेवटची चूक कोणती, काहीच उरत नाही. घरात चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आत सगळं झाडून-पुसून लख्ख करून ठेवावं, तसा हा प्रकार. बिघाड एकदाच झाला तर फार काही करता येत नाही. पुन्हा पुन्हा होणारा बिघाड मात्र त्या मानाने सोपा, कारण त्याला वेळ असते आणि वेळापत्रक सापडलं की कारण फार लांब नसतं.

या डबीचं घराणं जुनं आहे. अमेरिकेत अर्पानेट हे आजच्या इंटरनेटचं मूळ जाळं उभं राहत होतं, तेव्हा १९७१ साली ‘टीआयपी’ नावाचं यंत्र आलं. स्वतःचा मोठा संगणक नसलेल्या संस्थेला नुसती टर्मिनलं जोडून जाळ्यात शिरता यावं, हा त्यामागचा हेतू. एका टीआयपीला त्रेसष्ट टर्मिनलं जोडता येत. पुढे ऐंशीच्या दशकात डेक कंपनीचे डेकसर्व्हर आले, नंतर झायलॉजिक्सचे अ‍ॅनेक्स, नव्वदच्या दशकात सोळा सिरियल पोर्टांचा सिस्को २५११. आपल्याकडे बँकांच्या शाखांचं संगणकीकरण झालं तेव्हा आतल्या खोलीत एक युनिक्स यंत्र आणि काउंटरवर हिरव्या-पिवळ्या अक्षरांची टर्मिनलं अशीच मांडणी असे. रेल्वेच्या आरक्षणाचंही तेच: जालना स्थानक दक्षिण मध्य रेल्वेत मोडतं, त्या रेल्वेची आरक्षणाची मोठी यंत्रं सिकंदराबादला, आणि खिडकीवर बसलेल्या बाबूसमोर फक्त पडदा नि कळफलक. पडदा गोठला की खिडकीसमोरच्या माणसाला ‘लिंक फेल’ एवढंच ऐकू येई. बँकेतली टर्मिनलं गेली. डबी राहिली, कारण वजनकाटे, मीटर आणि मिलमधली जुनी यंत्रं अजूनही सिरियल भाषाच बोलतात आणि त्यांचं आयुष्य संगणकापेक्षा कितीतरी मोठं असतं.

आता मूळ तक्रारीकडे. ‘बॉक्स हँग झाला’ या तीन शब्दांखाली निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, डबी स्वतःहून बंद पडून पुन्हा चालू होते. दुसरी, डबी गोठते. दिवे जिथल्या तिथे, नेटवर्कवरून हाक मारली तरी उत्तर नाही. तिसरी, डबी ठणठणीत असते, हाकेला उत्तर देते, पण वजनाचा पोर्ट उघडत नाही. या तिसऱ्या प्रकाराला क्रॅश म्हणणंच चूक. तरीही पहिला संशय मी त्याच्यावर घेईन, कारण तो ओळखायला काही खर्च नाही. ऑफिसातल्या संगणकावरून पिंग करून, म्हणजे हीच हाक मारून, पाहायचं, एवढंच.

तो कसा घडतो ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याची मुळं आपल्याकडच्या विजेत आहेत. संगणक आणि डबी यांच्यात टीसीपी पद्धतीची जोडणी असते. बोलणं संपलं की दोन्ही बाजू एकमेकांना रीतसर निरोप देतात आणि जोडणी मिटते. आता लाइट गेली. काट्याच्या खोलीतल्या डबीला यूपीएस आहे, ऑफिसातल्या संगणकाच्या यूपीएसची बॅटरी मात्र केव्हाच मेलेली. संगणक निरोप न देताच बंद पडला. डबीला ते कळायला मार्ग नाही. तिच्या लेखी जोडणी अजून चालू आहे, समोरचा फक्त गप्प आहे. जनरेटर सुरू होतो, संगणक उठतो, नवी जोडणी मागतो. पोर्ट एकाच वेळी एकालाच द्यायचा असा नियम डबीत घातलेला असतो, आणि तो योग्यच आहे. त्यामुळे ती सांगते, पोर्ट रिकामा नाही. समोरचा गप्प गडी खरंच जिवंत आहे का हे पाहण्यासाठी ‘कीप-अलाइव्ह’ नावाची सोय असते. पण १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमावलीनुसार तिची मूळ मुदत दोन तासांपेक्षा कमी ठेवायची नाही. म्हणजे डबीत हीच मूळ मुदत असेल आणि कुणी सेटिंगला हात लावला नसेल तर डबी दोन तास, कधी त्याहूनही जास्त, मेलेल्या जोडणीला धरून बसते. दोन तास ट्रकांची रांग कोण थांबवून ठेवणार? मग बंद-चालू. डबीच्या सेटिंगमध्ये ही मुदत एक-दोन मिनिटांवर आणली आणि संगणकाच्या यूपीएसची बॅटरी बदलली, की तक्रार संपते. नवी डबी घ्यावी लागत नाही. पण घेतली जाते. आणि नवीही अनेकदा तशीच वागते, कारण तिच्यातही मुदत तीच असते.

डबी खरोखरच गोठत किंवा पडत असेल, तर पुढचा प्रश्न एकच: किती वाजता? काट्याच्या खोलीत एक वही टांगावी. तारीख, वेळ, दिवे कसे होते, त्या वेळी आणखी काय चाललं होतं. कंटाळवाणं काम आहे, कुणालाच आवडत नाही. पण पाच-सहा नोंदी झाल्या की आकृती दिसू लागते. डबीच्या स्वतःच्या नोंदींवर मात्र फार विसंबू नये. अनेक स्वस्त डब्यांत घड्याळाची बॅटरीच नसते. चालू झाल्यावर त्या काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० पासून. नेटवर्कवरून वेळ मागून घेण्याची सोय त्यांत असते, ती चालू करावी. नोंदी दुसऱ्या संगणकावर पाठवण्याचीही सोय असते, तीही चालू करावी. म्हणजे डबी पडली तरी तिचे शेवटचे शब्द बाहेर राहतात. मोठ्या यंत्रांत आणखी एक सोय असते. सिस्कोच्या यंत्राला ‘शो व्हर्जन’ विचारलं की शेवटचं चालू होणं कशामुळे झालं ते ते स्वतः सांगतं: वीज आल्यामुळे, कुणी मुद्दाम केल्यामुळे, की आतल्या चुकीमुळे. ही एक ओळ अर्धं निदान आहे, पण ती वाचायच्या आत कुणी प्लग काढला की कारण बदलून ‘वीज आल्यामुळे’ असं होतं.

वेळांच्या आकृत्या काही ठरावीक असतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोन ते पाच या वेळात पडणारी डबी उष्णतेकडे बोट दाखवते. जालन्यात त्या दिवसांत पारा चाळीसच्या पुढे असतो. पत्र्याच्या खोलीत, भिंतीवरच्या बंद लोखंडी पेटीत, त्याच पेटीत यूपीएस आणि स्विचही कोंबलेले. तिथलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज जास्त असू शकतं. साध्या डब्या साधारण पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंतच्या कामासाठी बनवलेल्या असतात. डबीच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो आणि विकत घेताना तो कुणी वाचत नाही. पेटीत थर्मामीटर ठेवून बघणं हा दोनशे रुपयांचा प्रयोग आहे.

काही वेळा मात्र घड्याळातली वेळ काहीच सांगत नाही आणि चालू असण्याचा काळ सगळं सांगतो. डबी दर एकोणपन्नास-पन्नास दिवसांनी पडते, वार कोणताही असो, असं वहीत दिसलं तर विजेच्या मागे लागू नये. बत्तीस बिटांच्या जागेत मिलिसेकंद मोजत गेलं की ४९.७ दिवसांनी जागा संपते आणि मोजणी शून्यावर येते. पुढचं गणित चुकलं की यंत्र अडकतं. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये नेमका हाच दोष होता. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणाऱ्या यंत्रांत हाच आकडा ४९७ दिवसांचा होतो आणि ऋण चिन्हासाठी एक बिट राखला असेल तर २४८ दिवसांचा. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांसाठी आदेश काढला होता: सलग २४८ दिवस वीजपुरवठा चालू राहिला तर जनित्रांची नियंत्रक यंत्रं बंद पडू शकतात, तेव्हा ती त्याआधी बंद-चालू करावीत. म्हणजे बंद-चालू हा उपाय विमानातही चालतो! फरक एवढाच, की तिथे तो कारण माहीत करून घेऊन, आधी ठरवून केला गेला.

जालन्याच्या मिलमध्ये मात्र बहुतेक वेळा वही तिसऱ्याच दिशेला नेते, ती म्हणजे वीज. जालन्याचं स्टील प्रामुख्याने इंडक्शन भट्टीवर बनतं. भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून त्याच्या बिलेट ओततात, त्या तापवून रोलिंग मिलमधून सळई काढतात. भट्टीला वीज लागते ती अफाट, आणि ती घेते तीही सरळ नाही. महावितरणकडून आलेली पन्नास हर्ट्झची वीज आधी एकदिश करून मग कितीतरी जास्त वारंवारतेची केली जाते. या उलथापालथीत मूळ लहरीचा आकार मोडतो आणि त्याचे तुकडे लाइनवर परत येतात. इंजिनिअर त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. त्यात भट्टी चढवताना-उतरवताना व्होल्टेज खाली-वर होतं. उच्चदाब ग्राहकांना बरीच वर्षं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत दरात सवलत मिळत आली, म्हणून भट्ट्यांचा भर रात्रीवर. आता सौरऊर्जेमुळे सवलतीच्या वेळा दिवसाकडे सरकू लागल्या आहेत. तेव्हा काट्याची डबी रात्री दहाच्या सुमारास पडत असेल तर डबीच्या कंपनीला ईमेल करण्याआधी वीजबिलावरचा वेळेनुसारचा दर वाचावा. निदानाचा कागद कधी कधी अकाउंट्स विभागात सापडतो.

पण भट्टी तर शंभर मीटर लांब, आणि डबीला यूपीएस आहे. मग ती का पडावी? इथे या प्रकरणातला सगळ्यात कमी पाहिला जाणारा भाग येतो: अर्थिंग.

सिरियल जोडणीची जुनी पद्धत, आरएस-२३२, अगदी साधी आहे. एक तार बोलायची, एक ऐकायची, एक सामाईक जमिनीची. संदेश म्हणजे या सामाईक तारेच्या तुलनेत दुसऱ्या तारेवरचं व्होल्टेज. दोन्ही टोकांची जमीन एकच आहे, असं ही पद्धत गृहीत धरते. एका टेबलावरच्या दोन यंत्रांसाठी ते खरं असतं. म्हणूनच तिची मूळ मर्यादा पंधरा मीटरच्या आसपासची. प्रत्यक्षात काट्याच्या खोलीला स्वतःचा अर्थिंगचा खड्डा असतो, ऑफिसला वेगळा, भट्टीच्या शेडला तिसरा. वरून डबी ऑफिसात ठेवून सिरियल केबलच शंभर मीटर ओढलेली असेल, तर केबलची दोन टोकं दोन वेगळ्या जमिनींना बांधली जातात. या दोन जमिनींत काही व्होल्टांचा फरक पडला की त्या बारीक तारेतून करंट वाहू लागतो. तार संदेशासाठी टाकली होती. ती आता दोन इमारतींमधलं अर्थिंग बनलेली असते.

हा फरक ऋतूनुसार बदलतो, आणि इथे मराठवाड्याची जमीन मधे येते. वर काळी माती, खाली बेसाल्ट. काळ्या मातीत ओल असेपर्यंत वीज चांगली मुरते. उन्हाळ्यात ती सुकते, आक्रसते, भेगाळते. इलेक्ट्रोडभोवती पोकळी पडते आणि खड्ड्याचा रोध वाढत जातो. खडक तर कोरडा असला की जवळपास काहीच वाहू देत नाही. म्हणून जुने वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे. आयएस ३०४३ या भारतीय मानकात खड्डा कसा असावा, त्याचा रोध कसा मोजावा हे सगळं आहे. पण मिल उभी राहताना एकदा मोजलेला आकडा फाइलीत राहतो आणि खड्ड्यावर कधी तरी भंगाराचा ढीग येतो. मे महिन्यात वाढलेली आणि पहिल्या दोन-तीन दमदार पावसांनंतर आपोआप कमी झालेली तक्रार वहीत दिसली, तर खड्डा उकरून पाहायला हरकत नाही. साधा मल्टिमीटर घेऊन न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज बघायचं; ते एक-दोन व्होल्टांच्या आत असावं. भट्टी चढताना ते आठ-दहावर जात असेल तर डबीला दोष देण्यात अर्थ नाही. हे मोजमाप मात्र वायरमननेच करावं. सुटलेल्या न्यूट्रलशी हौशी माणसाने खेळू नये.

मग बंद-चालू केल्यावर डबी बरी का होते? डबीतल्या चिपांमध्ये, त्या ज्या पद्धतीने बनतात त्यामुळेच, एक नको असलेली चोरवाट तयार झालेली असते. एरवी ती बंद असते. पण एखाद्या पायावर पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेजचा धक्का बसला की ती उघडते, आणि एकदा उघडली की धक्का गेल्यावरही उघडीच राहते. चिप तापते, अडकते, काहीच ऐकत नाही. वीज पूर्ण तोडली तरच वाट मिटते. याला लॅच-अप म्हणतात. म्हणूनच नुसतं रीसेटचं बटण दाबून न सुटणारी आणि प्लग काढल्यावर सुटणारी डबी पाहिली, की सॉफ्टवेअरपेक्षा केबलकडे आधी बघावं. उपाय जुनाच आहे: डबी काट्याच्या खोलीत, इंडिकेटरच्या अगदी जवळ ठेवायची, सिरियल केबल दोन मीटरपेक्षा मोठी होऊ द्यायची नाही आणि तिथून ऑफिसपर्यंत फायबर टाकायचा. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, करंट जात नाही. दोन खड्ड्यांचं भांडण तिथेच संपतं. तारच ठेवायची असेल तर आरएस-४८५ ही दोन तारांतला फरक मोजणारी पद्धत बाराशे मीटरपर्यंत चालते. पण तिलाही सात-आठ व्होल्टांपलीकडचा जमिनीतला फरक सहन होत नाही, म्हणून मधे प्रकाशाने संदेश पलीकडे देणारा ऑप्टो-आयसोलेटर हवाच. वळवाच्या पावसात विजा कडकडतात तेव्हा याच उघड्यावरच्या केबलमधून धक्का आत येतो, आणि तेव्हा डबी अडकत नाही, सरळ जळते. ते निदान सोपं.

विजेच्या भागात आणखी एक संशयित राहतो, तो म्हणजे डबीचा अडॅप्टर. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर उष्णतेने सुकतात. दर दहा अंश वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १९९९ ते २००७ च्या सुमारास तर सदोष द्रवामुळे जगभरात लाखो कॅपॅसिटर फुगून फुटले होते. सुकलेला अडॅप्टर मल्टिमीटरवर बारा व्होल्ट बरोबर दाखवतो, पण डबीने जरा जास्त करंट मागितला की क्षणभर खाली बसतो, आणि डबी पुन्हा चालू होते. माहीत असलेला चांगला अडॅप्टर लावून चार दिवस बघणं, ही यावरची सगळ्यात स्वस्त तपासणी. मिलच्या हवेत लोखंडाचा बारीक भुगा उडतो, तो डबीच्या जाळीतून आत जाऊन सर्किटवर बसतो. तो वीजवाहक असतो हे सांगायला नको.

वीज आणि उष्णता दोन्ही निर्दोष ठरल्या की मग नेटवर्क. डबीतला संगणक अशक्त असतो. जाळ्यात ‘सगळ्यांसाठी’ म्हणून ओरडलेला प्रत्येक संदेश त्याला वाचावाच लागतो. कुणीतरी रिकामी दिसलेली केबल त्याच स्विचच्या दुसऱ्या छिद्रात खोचली, की संदेश गोल गोल फिरत वाढत जातात. मोठे संगणक ते निभावून नेतात, डबी बेशुद्ध पडते. दोष केबलचा, तक्रार डबीची.

जाळ्यातून पसरणाऱ्या बिघाडाचं सगळ्यात मोठं उदाहरण २७ ऑक्टोबर १९८० चं आहे. त्या दिवशी अख्खं अर्पानेट कित्येक तास निकामी झालं. त्याचा वृत्तान्त एरिक रोझेन यांनी पुढच्या वर्षी आरएफसी ७८९ म्हणून लिहिला. म्हणजे जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, १९८१ मध्ये. या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा. जाळ्यातलं प्रत्येक यंत्र आपल्या जोडण्यांची खबर सगळ्यांना पाठवत असे, आणि खबरीवर क्रमांक असे. क्रमांक मोठा तर खबर नवी. क्रमांकाला जागा फक्त सहा बिटांची, म्हणून त्रेसष्टनंतर पुन्हा शून्य. कोणता क्रमांक ‘पुढचा’ हे चक्राकार ठरत असे. एका यंत्राच्या स्मृतीतून बिट गळाले आणि पन्नासाव्या यंत्राच्या एकाच खबरीच्या तीन प्रती झाल्या: ४४, ४० आणि ८. द्विमान पद्धतीत लिहून पाहा: १०११००, १०१०००, ००१०००. प्रत्येक वेळी एकच बिट गळालेला. चक्राकार नियमाने ४४ हा ४० च्या पुढचा, ४० हा ८ च्या पुढचा आणि ८ पुन्हा ४४ च्या पुढचा! त्यामुळे तिन्ही खबरी एकमेकींना जुनं ठरवत कायम फिरत राहिल्या आणि यंत्रांना दुसरं काही करायला वेळच उरला नाही. तारेवर जाताना संदेशाची तपासणी होत असे. स्मृतीत पडून असताना होत नसे, आणि चूक तिथेच झाली.

माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट पुढची. एकेक यंत्र बंद-चालू करून काहीच झालं नाही, कारण उठलेल्या यंत्राला शेजारी लगेच तीच विषारी खबर देत. शेवटी प्रत्येक यंत्रात छोटी दुरुस्ती घालून पन्नासाव्याच्या खबरींकडे दुर्लक्ष करायला लावलं, तेव्हा जाळं मोकळं झालं. पुढे १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेतल्या एटी अँड टीच्या दूरध्वनी जाळ्यातही जवळपास असंच घडलं. तिथे तर एक एक्सचेंज सावरलं की ‘मी परत आलो’ असा संदेश देई आणि त्या संदेशानेच शेजारचं पडे. ११४ एक्सचेंजं सुमारे नऊ तास अशी पडत-उठत राहिली.

मिलमधल्या चार डब्यांना एवढं काही होत नाही. पण ‘एक डबी उठवली की दुसरी पडते’ अशी नोंद वहीत आली, तर प्रश्न डब्यांमधला नसून त्यांच्यामधल्या तारेतला आहे, हे ओळखता आलं पाहिजे.

कारण शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम सगळे जाणतात आणि घाईत सगळेच मोडतात. डबी, अडॅप्टर, केबल आणि सेटिंग एकाच दुपारी बदललं आणि तक्रार थांबली, तर चारातलं काय दोषी होतं ते कधीच कळत नाही. आणि जुनी चांगली डबी भंगारात, म्हणजे शब्दशः त्याच भट्टीत जाते. त्यापेक्षा अदलाबदल करावी. फाटकावरची डबी स्टोअरमध्ये आणि स्टोअरची फाटकावर. बिघाड डबीबरोबर स्टोअरमध्ये गेला तर डबी दोषी. फाटकावरच राहिला तर जागा दोषी, म्हणजे वीज, केबल, उष्णता किंवा इंडिकेटर. एवढी साधी युक्ती शंकेचं क्षेत्र अर्ध्यावर आणते. फर्मवेअर, म्हणजे डबीतलं मूळ सॉफ्टवेअर, नवं घालायचा मोह सगळ्यात शेवटी ठेवावा. त्याने सेटिंगं कधी कधी मूळपदावर येतात आणि एका बिघाडाचे दोन होतात. मात्र कंपनीच्या बदलांच्या यादीत आपलाच दोष, आपल्याच मॉडेलसाठी, दुरुस्त केल्याचं लिहिलं असेल, तर ते आधी घालावं.

काही जण शेवटी टायमरचा सॉकेट लावतात. पहाटे चारला डबी आपोआप बंद होते आणि चालू होते. इतर अभियंते नाक मुरडतात, मी मुरडत नाही. आत झिरपत जाणारी स्मृती हा जुन्या फर्मवेअरचा दोष असेल आणि कंपनी तो सुधारणार नसेल, तर ठरवून केलेला विराम बरा. फक्त टायमर लावल्याचं वहीत लिहून ठेवावं. नाही तर दोन वर्षांनी नव्या माणसाला ‘रोज पहाटे चारला पडणारी डबी’ सापडते आणि तो अर्थिंगचा खड्डा उकरत बसतो.

शेवटची गोष्ट सेटिंगची प्रत. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधल्या वीज कंपन्यांवर सायबर हल्ला झाला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोरांनी ब्रेकर तर उघडलेच, शिवाय उपकेंद्रांतल्या याच जातीच्या डब्यांवर, सिरियल-इथरनेट कन्व्हर्टरवर, खोटं फर्मवेअर लिहून त्या कायमच्या निकामी केल्या. काही तासांत वीज परत आली ती माणसांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर चढवले म्हणून; दूरनियंत्रण सुरळीत व्हायला पुढे बराच काळ गेला, कारण डब्या दुरुस्त होण्याजोग्या राहिल्याच नव्हत्या, बदलाव्याच लागल्या. जालन्यातल्या काट्यावर कुणी परदेशी हल्लेखोर येणार नाही. पण डबीचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नसतो आणि ती ऑफिसच्या वाय-फायवरून कुणालाही दिसते, हे बहुतेक ठिकाणी खरं आहे. म्हणून कपाटात हवी एक जादा डबी, तिच्यात आधीच भरलेली सेटिंगं, आणि त्या सेटिंगांची छापील प्रत वहीच्या मागच्या पानाला चिकटवलेली: बॉड रेट, पॅरिटी, आयपी क्रमांक, पोर्ट क्रमांक, कीप-अलाइव्हची मुदत. इंडिकेटर २४०० वर बोलतो की ९६०० वर, हे आठवायचा प्रयत्न रांग लागल्यावर करायचा नसतो.